जागा धरणारा

'टीम फोर्ट्रेस २' या गेममध्ये शिरलं की आधी बाजू ठरवायची, लाल की निळी, आणि मग नऊ जणांच्या रांगेतून आपला गडी निवडायचा. रांगेच्या एका टोकाला स्काउट असतो, काटकुळा, कायम पळायच्या बेतात असलेला. दुसऱ्या टोकाला सुटाबुटातला स्पाय, वेश पालटून पाठीत सुरा खुपसणारा. नव्या खेळाडूचा हात बहुधा या दोघांपैकी एकाकडे जातो, नाहीतर लांबून नेम धरणाऱ्या स्नायपरकडे. बरोबर मधोमध, पाचव्या जागी, दोघांची जागा एकट्याने अडवून हेवी उभा असतो. टक्कल, रुंद खांदे, छातीवर आडवा काडतुसांचा पट्टा आणि हातात तोफेएवढी मिनीगन. २००७ च्या ऑक्टोबरात गेम आला तेव्हापासून तो तसाच उभा आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी त्यालाच निवडत आलो आहे.

अशा जड, संथ गड्यांबद्दल सगळीकडे एकच समजूत दिसते. ताकद जास्त दिली म्हणून वेग कमी केला, म्हणजे दोन्ही पारडी सारखी झाली. संथपणा हा त्या ताकदीवरचा कर. मला हे पटत नाही. हेवीच्या पायांनी इतकं चालल्यावर माझं मत असं झालं आहे, की संघाला त्याचा जो खरा उपयोग होतो तो त्याच्या संथपणातूनच निघतो. त्याची जाडजूड हेल्थ आणि ती बंदूक या गोष्टी तो संथपणा निभावून नेता यावा म्हणून दिलेल्या आहेत.

थोडे आकडे सांगतो, कारण या गेममध्ये शेवटी सगळं आकड्यांवरच ठरतं. स्काउटची हेल्थ १२५, स्नायपर आणि स्पायचीही तेवढीच. सोल्जरची २००. हेवीची ३००. मेडिक पाठीशी उभा राहिला तर ती काही काळापुरती ४५० पर्यंत चढते. उलट, जे अंतर स्काउट १० सेकंदांत कापतो त्याला हेवीला १७ हून जास्त सेकंद लागतात, आणि मिनीगनच्या नळ्या फिरवत चालायचं झालं तर जवळपास ३६. नळ्या फिरू लागल्या की त्याला उडीही मारता येत नाही. आणि त्या फिरून गोळी सुटायलाही जवळजवळ एक सेकंद जातो. शूटर गेम खेळणाऱ्याला सांगायला नको, की तो एक सेकंद केवढा लांब असतो.

आता बाकीचे आठ जण पाहा. स्काउटला हवेतल्या हवेत दुसरी उडी मारता येते. सोल्जर पायाखाली रॉकेट फोडून छपरावर जातो. स्पाय अदृश्य होतो. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात निसटायची काहीतरी सोय आहे. हेवीकडे ती नाही. म्हणून हेवी जेव्हा एखाद्या कोपऱ्यावर जाऊन नळ्या फिरवायला लागतो, तेव्हा त्याने पुढचा अर्धा मिनिट तरी आपण इथेच आहोत हे सगळ्यांना कळवलेलं असतं. ती घरघर शत्रूला ऐकू जाते तशी आपल्या माणसांनाही जाते. मग मेडिक येतो आणि त्याच्या पाठीला लागतो. इंजिनियर त्याच कोपऱ्याच्या आडोशाला डिस्पेन्सर बांधतो, म्हणजे गोळ्या आणि हेल्थ दोन्ही हाताशी. पायरो मागच्या रस्त्यावर अधूनमधून आगीचा फवारा मारून स्पाय आहे का ते तपासत राहतो. सोल्जर जरा वरच्या अंगाला जाऊन बसतो. कुणी कुणाला काही सांगितलेलं नसतं.

हे मला फार मोलाचं वाटतं. जाहीर सर्व्हरवर एका बाजूला बारा अनोळखी माणसं जमलेली असतात. कोणी इंडोनेशियातून, कोणी फिलिपीन्समधून, कोणी आपल्याकडच्या एखाद्या हॉस्टेलमधून. समाईक भाषा नाही, माईक बहुतेकांचे बंद, आणि वीस मिनिटांनी ही माणसं परत कधी भेटायची नाहीत. अशा माणसांचा संघ व्हायचा तर कुणीतरी एक ठिकाण ठरवून द्यावं लागतं. स्काउटवर भरवसा ठेवून काही आखता येत नाही, कारण तुमचं आखून होईपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असतो. हेवी मात्र जागचा हलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला पाहून प्रत्येकाला आपापलं ठिकाण समजतं.

व्हॉल्व्ह कंपनीने २००७ च्या मे महिन्यात हेवीची ओळख करून देणारी एक छोटी फिल्म काढली होती. त्यात तो आपल्या बंदुकीजवळ बसून बोलतो. ती १५० किलो वजनाची आहे, तिची एकेक गोळी २०० डॉलरची, मिनिटाला १०,००० गोळ्या सुटतात, आणि १२ सेकंद चालवायला चार लाख डॉलर खर्च येतो. गुणाकार करून पाहिला तर हिशेब चोख आहे: १२ सेकंदांत २,००० गोळ्या, प्रत्येकी २०० डॉलर. बंदुकीचं नाव साशा. या फिल्मवर लोक हसतात आणि हसायला जागाही आहे. पण मला त्यात एक माणूस दिसतो ज्याने एका जागी उभं राहायला काय काय लागतं त्याचा बारीक हिशेब ठेवला आहे, आणि जो आपल्या हत्यारावर जीव लावून आहे.

त्याचा वंश जुना आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉघली या तरुणांनी 'क्वेक' या गेमवर 'टीम फोर्ट्रेस' नावाचा मॉड बेतला. 'क्वेक'मध्ये सगळ्यांची शरीरं सारखी होती, जो चपळ तो जिंकायचा. या तिघांनी शरीरंच वेगवेगळी केली, आणि प्रत्येक शरीराला एकेक काम लावून दिलं. पुढे व्हॉल्व्हने त्यांना नोकरीवर घेतलं आणि १९९९ मध्ये 'टीम फोर्ट्रेस क्लासिक' आला. त्यातल्या हेवीची हेल्थ अवघी १०० होती आणि अंगावर ३०० चं चिलखत. दुसऱ्या भागात चिलखताचा वेगळा आकडाच काढून टाकला.  आजच्या हेवीचं चिलखत म्हणजे तो स्वतःच. हा बदल मला फार आवडतो. चिलखत उतरवता येतं, फुटतं, टाकून पळता येतं. शरीर टाकून कुठे जाणार?

त्याच्या चित्राबद्दलही सांगायला हवं. गेम आला त्याच वर्षी व्हॉल्व्हच्या तिघांनी, जेसन मिचेल, मोबी फ्रँकी आणि धबिह एंग यांनी, या गेमच्या चित्रशैलीवर एक शोधनिबंध लिहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जे. सी. लायनडेकरसारख्या अमेरिकन चित्रकारांचा अभ्यास करून त्यांनी हे नऊ जण घडवले. नुसती बाह्याकृती काळ्या रंगात भरून दाखवली तरी कोण आहे ते ओळखू यावं, असा त्यांचा आग्रह होता. हेवीच्या बाबतीत याचा उपयोग दुहेरी होतो. लांबच्या बोगद्याच्या तोंडाशी ती चौकोनी छाती दिसली की शत्रूचे पाय अडतात. गोळी सुटायच्या आधीच काम सुरू झालेलं असतं. मी कितीदा पाहिलं आहे, की रस्ता मोकळा असूनही चौघे जण कोपऱ्यावर थांबून राहतात, कारण पलीकडे हेवी आहे अशी त्यांना शंका असते. त्या थांबण्यात गेलेले सेकंद आमच्या बाजूला जमा होतात.

आमच्या जळगावात कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो. माणसांच्या गर्दीतून, अरुंद पेठेतून तो उंच लाकडी रथ ओढला जातो तेव्हा ओढणारे शेकडो असतात, आणि सगळ्यांच्या नजरा वर मूर्तीकडे, फुलांकडे लागलेल्या. चाकाशी वाकून चालणारी मोगरीवाली माणसं फारशी कुणाच्या लक्षात येत नाहीत. लाकडाची मोगरी चाकाखाली सरकवून ती रथ थांबवतात, वळवतात, उतारावर आवरतात. रथ रस्ता सोडत नाही तो त्यांच्यामुळे. 'टीम फोर्ट्रेस २'च्या पेलोड नकाशांत स्फोटकांनी भरलेली कार्ट ढकलत शत्रूच्या तळापर्यंत न्यायची असते. ती कार्ट आणि तिच्या पुढ्यात चालणारा हेवी पाहिला की मला दरवेळी त्या मोगरीवाल्यांची आठवण होते.

कार्टचं गणित मोठं सुंदर आहे. तिच्याजवळ निळ्या बाजूचा एक जण उभा असला तरी ती चालते, दोघे असले तर जरा जोरात, तिघे असले तर पूर्ण वेगाने. स्काउट एकटा दोघांच्या बरोबरीचा मोजला जातो. ढकलणाऱ्यांना कार्ट स्वतः हेल्थ आणि गोळ्या पुरवत राहते. शत्रूचा एक जरी माणूस तिला येऊन चिकटला तरी ती जागीच अडते, आणि ३० सेकंद कुणी हात लावला नाही तर मागे घरंगळू लागते. यात एक गोष्ट मी बरीच वर्षं खेळल्यावर लक्षात घेतली. कार्ट पूर्ण वेगात असली तरी नळ्या फिरवत चालणारा हेवी तिच्या बरोबरीने चालू शकतो. म्हणजे जी वस्तू पोचवण्यासाठी हा सारा आटापिटा चालला आहे, ती हेवीच्याच चालीने चालते. बाकीचे आठ जण तिच्यापेक्षा वेगवान आहेत, आणि म्हणूनच तिच्यापासून सारखे दूर जात राहतात.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. हा मुलगा 'पब्जी' आणि पुढे 'बीजीएमआय'वर वाढलेला. तिथे क्लास नसतात. आकाशातून उतरताना सगळे सारखेच, पुढे लेव्हल थ्रीचं हेल्मेट किंवा व्हेस्ट सापडलं तर तेवढाच फरक. 'टीम फोर्ट्रेस २' हा २०११ पासून फुकट आहे, म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. त्याने साहजिकच स्काउट घेतला. नकाशा होता बॅडवॉटर बेसिन, वाळवंटातला. आम्ही निळ्या बाजूला, म्हणजे कार्ट ढकलणारे.

दरवाजा उघडला तसा तो सुसाट गेला. मी आपला कार्टजवळ पोचतोय तोवर तो मरून परत तळावर आला होता, आणि मला ओलांडून पुन्हा पुढे.

"मामा, तू किती हळू चालतोस रे! मी दोनदा जाऊन आलो."

"काय काय दिसलं पुढे?"

"वळणावर उजवीकडे सोल्जर आहे. वरती स्नायपर आहे. आणि एक सेंट्री पण आहे वाटतं."

"छान. आता परत पुढे जाऊ नकोस. कार्टच्या मागच्या बाजूला ये आणि चिकटून राहा. ती हलायला लागली की सोडायची नाही."

"नुसतं उभं राहायचं?"

"माझ्या सावलीत राहायचं. कोणी कडेने आत घुसला तर तुझा."

त्याने ऐकलं. मी कार्टच्या पुढच्या कोपऱ्याशी उभा राहून नळ्या फिरवल्या. माझा एक आणि त्याचे दोन असे तिघांचे मोजले गेले, आणि कार्ट पूर्ण वेगाने निघाली. कुठून तरी एक मेडिक आला आणि त्याची नळी मला लागली. वळणावर सोल्जरने वरून रॉकेट सोडलं, ते माझ्या छातीवर बसलं आणि मी तसाच चालत राहिलो. दुसरं बसलं. भाचा ओरडला, पण माझी हेल्थ मेडिक आणि कार्ट मिळून भरून काढत होते. तिसरं रॉकेट भरायला सोल्जर मागे सरकला त्या क्षणी कार्टच्या आडून भाचा सुटला, दुहेरी उडी मारून वर गेला, दोन बार काढले आणि सोल्जर खाली. आल्यापासूनचा हा त्याचा पहिला बळी. तो परत पळत येऊन कार्टला चिकटला, न सांगता. पुढच्या फेरीत तो म्हणाला, "मामा, मी मेडिक होऊ का? म्हणजे तू अजून पुढे जाशील." मला त्या पोराचा केवढा अभिमान वाटला. बळी मोजायचं सोडून तो कार्ट कुठे आहे ते बघायला लागला होता.

मेडिक आणि हेवी या जोडीवर वेगळा निबंध होईल. मेडिकची एक खास शक्ती असते, जखमी माणसावर उपचार करत राहिलं तर सुमारे ४० सेकंदांत भरणारी. ती लावली की दोघांनाही ८ सेकंद काहीच होत नाही. हे ८ सेकंद कुणावर खर्च करायचे याचा निर्णय अख्खी फेरी फिरवू शकतो. हेवीवर केले तर गोळ्यांचा झोत एकसारखा चालतो खरा, पण ८ सेकंदांत त्याचे पाय जातात कितीसे? म्हणून आधी त्याने योग्य ठिकाणी पोचलेलं असावं लागतं. आणि मेडिकला स्वतःची हेल्थ भरभर भरून काढता येत नाही, तेव्हा हेवीच्या हाती एक सँडविच असतं. २००८ च्या ऑगस्टमधल्या अपडेटमध्ये ते आलं. हेवीने स्वतः खाल्लं तर जागेवर खिळून उभं राहून खावं लागतं, चावण्याचा आवाज आजूबाजूला ऐकू जातो. पण ते जमिनीवर टाकून दुसऱ्याला देताही येतं. मेडिकने उचललं की त्याची अर्धी हेल्थ परत येते. चांगला हेवी ते सँडविच स्वतः खात नाही, मेडिकसाठी राखून ठेवतो. अनोळखी मेडिकपुढे ते टाकलं आणि त्याने वर बघून दोनदा वाकून दाखवलं, की कुठल्या देशातला माणूस आहे हे न कळताही ओळख पटते.

अर्थात हेवीला मारणं अवघड नाही. स्पायचा सुरा पाठीत बसला तर ३०० काय नि ४५० काय, एका घावात सगळं संपतं. स्नायपरने पूर्ण ताणून डोक्यात मारलेली गोळी नेमकी ४५० चं नुकसान करते. हा आकडा योगायोगाचा नसावा असं मला वाटतं. मेडिकने काठोकाठ भरलेला हेवीही त्या एका गोळीने पडतो. आणि मिनीगनचा जोर लांबवर ओसरतो, त्यामुळे मोकळ्या मैदानात हेवी म्हणजे चालतं लक्ष्य. एकट्याने फिरणारा हेवी कुणाच्याच कामाचा नाही. पण मला यात उणीव दिसत नाही. त्याची पाठ उघडी आहे म्हणून तर पायरोला तिथे उभं राहायचं कारण मिळतं. त्याला समोरचा स्नायपर दिसत नाही म्हणून आपल्या स्नायपरने कुणाशी झुंजायचं ते ठरतं. त्याची प्रत्येक कमतरता कुणा ना कुणाचं काम होऊन बसते.

संथपणाने खेळण्याचा विचारही बदलतो. चपळ गड्याला चूक सुधारायला वेळ असतो, तो मागे फिरतो. हेवी चुकीच्या वाटेने निघाला तर उलटून यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लढाई दुसरीकडे सरकलेली असते. त्यामुळे तो आत्ता कुठे काय चाललं आहे यापेक्षा पुढच्या १५ सेकंदांनी कुठे काय चालेल याचा अंदाज बांधत चालतो. आपले किती जण पडले, तळावरून परत यायला त्यांना किती वेळ लागेल, शत्रूच्या मेडिकची शक्ती भरली असेल का, कार्ट त्या वळणावर कधी पोचेल. जुन्या हेवींची एक क्लृप्ती आहे. कोपरा वळायच्या आधीच उडी मारायची आणि हवेत असताना नळ्या फिरवायला घ्यायच्या. उडीत चालण्याचा वेग शिल्लक राहतो, आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत बराचसा उशीर भरून निघतो. पहिल्यांदा हे अंगवळणी पडलं तेव्हा समजलं की कोपऱ्यापलीकडे काय आहे हे उडी मारण्याआधीच ठरवावं लागतं. दिसल्यावर ठरवून चालत नाही.

आपल्याकडून खेळणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. जळगावातून सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचं तर पिंग चढलेलाच असतो. स्नायपरची एक गोळी किंवा स्पायचा एक घाव क्षणावर अवलंबून असतो, आणि नेमका तो क्षण तारेतून जाता जाता मागे पडतो. हेवीचं काम क्षणाचं नाही. गोळ्यांची धार धरून ठेवायची, जागा नीट निवडायची, वेळ ओळखायची. यातलं काहीच पिंगला फारसं हिरावून घेता येत नाही. लहान गावातल्या, साध्या मशीनवर आणि साध्या कनेक्शनवर खेळणाऱ्या पोरांना मी म्हणूनच हेवी घ्यायला सांगतो. तिथे तुमची समज मोजली जाते.

हेवीसारखे गडी दुसऱ्या गेममध्येही आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांची तऱ्हा वेगळी आहे. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या 'रेनबो सिक्स सीज'मध्ये रूक नावाचा एक फ्रेंच कमांडो आहे, वजनदार आणि संथ. फेरी सुरू झाली की तो एक पिशवी जमिनीवर ठेवतो. तिच्यात चिलखताच्या पाच पाट्या असतात, बचाव करणारे पाच जण, प्रत्येकाला एक. सगळ्यांनी उचलल्या की त्याचं खास काम संपलं. पुढे कधीतरी एखादा साथीदार मरण्याऐवजी जखमी होऊन पडतो आणि त्याला उठवता येतं, तेव्हा ती पाटी उपयोगी पडलेली असते. बऱ्याचदा तोवर रूक स्वतः पडलेलाही असतो.

'ओव्हरवॉच'मधला राइनहार्ट मला हेवीच्या खालोखाल प्रिय आहे. २०१६ च्या मे महिन्यात तो गेम आला तेव्हा त्याच्या ढालीची ताकद २,००० होती. साठी ओलांडलेला जर्मन योद्धा, अंगावर लोखंडी चिलखत, हातात रॉकेट जोडलेला हातोडा. ढाल उभी केली की त्याला हातोडा चालवता येत नाही. म्हणजे तो समोर उभा असतो, सगळ्या गोळ्या त्याच्यावर येतात आणि तो कुणालाही मारत नसतो. मागचे मारतात. २०१७ च्या नोव्हेंबरात आलेल्या त्याच्या तरुणपणावरच्या लघुपटात आइखेनवाल्डची लढाई दाखवली आहे. तरुण राइनहार्ट पराक्रमाच्या घाईत रांग सोडून एकटाच पुढे घुसतो, आणि त्याचा गुरू बाल्डरिख त्यात जायबंदी होतो. शेवटी बाल्डरिख मागे राहून खिंडार अडवतो आणि राइनहार्टला इतरांच्या पुढे ढाल धरायला पाठवतो. गेममधल्या आइखेनवाल्ड याच नावाच्या नकाशात, किल्ल्याच्या दालनात, बाल्डरिखचं कलेवर चिलखतासह सिंहासनावर बसलेलं आहे. खेळताना शेवटच्या झुंजीत लोक त्याच्या आसपास पळत असतात.

तरीही लोकांना टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा असा गडी, व्हायचं नसतं. २०१९ मध्ये 'ओव्हरवॉच'ने प्रत्येक संघात दोन टँक, दोन हल्लेखोर, दोन सपोर्ट असं बंधन घातलं, आणि हल्लेखोरांच्या रांगेत ताटकळत बसायची वेळ आली, कारण टँक व्हायला माणसंच कमी. पुढच्या वर्षी, कुठलीही भूमिका घ्यायला तयार असणाऱ्यांना रांग ओलांडण्याचा पास देऊ केला. २०२२ च्या ऑक्टोबरात दुसरा भाग आला तेव्हा संघ पाचांचा झाला आणि त्यात टँक एकच उरला. या निर्णयाने खेळ वेगवान झाला हे खरं. पण दोन टँकमध्ये जी वाटणी चालायची, एकाने ढाल धरायची आणि दुसऱ्याने मोकळी बाजू राखायची, ती गेली. माझ्या मते त्या खेळाचा कणाच त्यात गेला. एकटा उरलेला टँक सगळ्यांच्या अपेक्षांखाली दबतो, हरलं की पहिलं बोट त्याच्याकडे जातं. स्कोअरबोर्डवर बळींचे आकडे असतात, केलेलं नुकसान असतं, वाचवलेली हेल्थ असते. कोणता रस्ता किती सेकंद शत्रूला बंद राहिला याचा रकाना मी अजून कुठल्याच गेममध्ये पाहिलेला नाही. तो यावा असं मला फार वाटतं. तो आला तर लोक टँकच्या रांगेत आपणहून उभे राहतील.

'टीम फोर्ट्रेस २'चे स्पर्धेतले सामने सहा विरुद्ध सहा असे होतात. संघ ठरलेले असतात: दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमॅन, एक मेडिक. हेवी त्यात सहसा नसतो, कारण ताब्यात घ्यायच्या पॉइंटांपैकी मधल्या पॉइंटवर जो आधी पोचेल त्याचं पारडं जड, आणि तिथे हेवी वेळेत पोचत नाही. पण सगळं हातचं गेलं, चार पॉइंट शत्रूने घेतले आणि स्वतःचा शेवटचा पॉइंट उरला, की एक जण तळावर जाऊन हेवी घेऊन येतो. तळ तिथून पावलांवर असतो, चालायचं अंतर उरलेलं नसतं. तो पॉइंटवर उभा राहतो, मेडिक त्याला ४५० पर्यंत भरतो, आणि शत्रूला ठरवावं लागतं की आपली ८ सेकंदांची शक्ती आत्ता घालवायची की थांबायचं. ते थांबले तर तेवढ्यात आपले पडलेले साथीदार परत उभे राहतात. ते आत आले तर आधी हेवीला संपवावं लागतं, आणि तो संपेपर्यंत त्यांच्या ८ सेकंदांतले बरेचसे गेलेले असतात. हल्ला परतवला की तोच खेळाडू धावत तळावर जातो आणि हेवी सोडून पुन्हा स्काउट घेतो, कारण आता मधल्या पॉइंटकडे पळत सुटायचं असतं.